गादी सरकली, आता वीस बैठकांचं पॅकेज घ्यावं का?

यावल तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते:

‘माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, आमची केळीची बाग आहे. आखाजीच्या आठवड्यात युरियाची गोणी उचलताना त्यांच्या कंबरेत कळ आली. दोन दिवसांत ती डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरली आणि अंगठा बधिर झाला. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी बाहेर आली आहे, शिवाय आणखी दोन ठिकाणी बल्ज (फुगवटा) आहे. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सहा आठवडे थांबा म्हणाले, वाटलं तर ट्रॅक्शन घ्या, म्हणजे पट्टे बांधून कंबर ताणून घ्या म्हणाले. भुसावळच्या एका केंद्रात कॉम्प्युटरच्या मशीनवर त्याच ट्रॅक्शनच्या वीस बैठकांचं पॅकेज सांगतात, पैसे आधी भरायचे. पत्रकावर “ऑपरेशनशिवाय गादी जागेवर” आणि “नासाचं तंत्रज्ञान” असं छापलं आहे. सासूबाईंची कंबरही दुखते, तर त्यांना निम्म्या दरात करून देऊ म्हणतात. दीर म्हणतात, पैसे कशाला घालवता, पलंगाला दोरी लावून विटा टांगू. सासूबाई म्हणतात, पायाळू माणसाचा पाय लावा. पाच आठवडे झाले, हे बाजेवर पडूनच आहेत. पोटरीतली कळ आता जरा कमी आहे, पण कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखते, म्हणून जीव घाबरतो. काय करावं?’

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, घाबरत घाबरत लिहिली आहे. पोटरीतली कळ कमी झाली आणि कंबर जास्त दुखू लागली. तुम्हाला वाटतं, दुखणं वाढलं. मला उलट वाटतं. नस दबल्याचं दुखणं पायात जितकं खाली उतरतं, तितकी ती नस जास्त चिडलेली असते. तेच दुखणं पायातून वर सरकत कंबरेत गोळा होऊ लागलं तर बहुतेक वेळा ती सुधारणेची खूण असते, मग कंबर काही दिवस जास्त का दुखेना. आम्ही फिजिओथेरपीवाले रोज पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘आज दुखणं कुठपर्यंत जातंय?’ ‘किती दुखतंय’ हे नंतर. म्हणजे पॅकेजचा एक रुपयाही भरायच्या आधी तुमच्या मिस्टरांचा, आमच्या भाऊंचा, पाय सुधारू लागला आहे. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

त्याआधी आजच्या आज घरी एक गोष्ट बघा. भाऊंना भिंतीजवळ उभं करा आणि टाचांवर काही पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर. एल-४ एल-५ ची गादी सहसा एल-५ ची नस दाबते आणि तीच नस पाऊल नि अंगठा वर उचलायचं काम करते. टाचांवर चालताना डावं पाऊल खाली पडत असेल, अंगठा वर उचलला जात नसेल, चालताना चप्पल पायातून निसटत असेल, तर नस नुसती दुखत नाही, तिची ताकद चालली आहे. मग सहा आठवड्यांची वाट बघू नका, ट्रॅक्शनचा विषयही काढू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढा. मणक्याची शस्त्रक्रिया कुठे होते हे फोनवर विचारत विचारत निघा. तिथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

हे काही नसेल, आणि पत्रावरून तरी नाही असं दिसतं, तर आता ट्रॅक्शनकडे वळू.

पाठ ताणून दुखणं काढायची कल्पना फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेट्सच्या नावाने एक बाकच ओळखला जातो, माणसाला त्यावर पालथं बांधून दोन्हीकडून ओढायचे. गादी फुटून नसेवर येते आणि त्यामुळे पाय दुखतो, ही गोष्ट मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी सर्जननी १९३४ मध्ये मांडली. पुढे १९५० च्या दशकात जेम्स सिरियाक्स या इंग्रज डॉक्टरांनी या दुखण्यासाठी ट्रॅक्शनचा जोरदार पुरस्कार केला. तर्क साधा होता. मणके एकमेकांपासून थोडे लांब केले की मधली जागा वाढेल, गादीवरचा दाब घटेल आणि बाहेर आलेला भाग आत ओढला जाईल.

यातला पहिला भाग खरा आहे. पुरेशा जोराने ओढलं तर मणक्यांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट वाढते. पण ‘पुरेशा जोराने’ म्हणजे किती? पलंगावर झोपलेल्या माणसाचं अंग आणि अंथरूण यांच्यातलं घर्षणच इतकं असतं की त्याच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा जोर लावल्याशिवाय कंबरेपर्यंत ओढ पोचतच नाही. भाऊ ७० किलोचे धरले तर हे १७-१८ किलो झाले. म्हणून आमच्याकडची टेबलं मधोमध दुभंगलेली असतात. खालचा भाग चाकांवर सरकतो, घर्षण जातं. छातीला एक पट्टा, ओटीपोटाला एक पट्टा, पाय स्टुलावर, आणि वजनाच्या पाव ते अर्ध्यापर्यंत ओढ, पंधरा-वीस मिनिटं. पूर्वी दवाखान्यांत पलंगाच्या पायथ्याला पाच-सहा किलोची वजनं टांगून पेशंटला आठवडाभर ठेवत. तेवढ्या वजनाने मणके हलत नव्हते, माणूस तेवढा पलंगाला खिळून राहायचा. दिरांच्या विटांचं उत्तरही यातच आलं. कमी विटांनी काही होणार नाही. जास्त टांगल्या तर पट्टा कातडीत रुतेल, श्वास कोंडेल आणि सोडताना अशी कळ येईल की शेजारी धावत येतील. तो प्रयोग नको.

दुसरा भाग मात्र खोटा ठरला आहे. फट वाढते ती ओढ चालू असेपर्यंत. माणूस उठून उभा राहिला की अंगाचं वजन पुन्हा मणक्यांवर येतं आणि फट मिटते. आणि गादी काही कपाटाच्या खणासारखी ‘सरकत’ नाही की ढकलली आणि बसली. आपल्या खापरावरच्या मांड्याची कड फाटून पुरण बाहेर आलं, तर मांडा कितीही ताणला तरी ते पुरण आत जात नाही. गादीचंही तेच होतं, बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. मग लोक बरे कसे होतात? तर शरीर त्या बाहेर आलेल्या गराला परका समजतं, त्याच्याभोवती सूज धरतं आणि आठवड्यामागून आठवडे तो विरघळवून टाकतं. गंमत अशी की रिपोर्टमध्ये जितकं भयंकर दिसतं, तितकं हे जास्त घडतं. २०१५ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा ज्यांचा गर कडं फोडून बाहेर आला होता (एमआरआयच्या कागदावर ‘एक्स्ट्रूजन’ लिहितात), त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के लोकांत तो आपोआप आक्रसला होता. नुसता फुगवटा, म्हणजे बल्ज, असलेल्यांत हे प्रमाण १३ टक्केच होतं.

म्हणून ‘तीन गाद्या गेल्या’ असं कोणी म्हणत असेल तर घाबरू नका. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांचे एमआरआय काढले, तर चाळिशीतल्या निम्म्या लोकांत बल्ज सापडतो आणि पन्नाशीत साठ टक्क्यांत. भाऊंचे ते दोन बल्ज बहुधा कित्येक वर्षांपासून असतील. त्यांच्या नावावर कोणी बैठका वाढवत असेल तर वाढवू देऊ नका.

आता यंत्राचा निकाल. माझ्याकडेही ट्रॅक्शनचं टेबल आहे, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे माझ्याच धंद्यावर पाणी ओतणं आहे. पण आहे ते आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या तपासल्या, त्यांत २,७६२ रुग्ण होते. ट्रॅक्शन एकटं दिलं किंवा दुसऱ्या उपचारांसोबत दिलं, तरी दुखणं, हालचाल, कामावर परतणं यांत फरक पडला नाही किंवा अगदी नगण्य पडला, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये स्पष्टच लिहिलं की कंबरदुखीला, सायटिका (नस दबून पायात उतरणारं दुखणं) असो वा नसो, ट्रॅक्शन देऊ नये. काही विशिष्ट खुणा असलेल्या पेशंटांना तरी उपयोग होईल, अशी आशा २००७ च्या एका छोट्या चाचणीने दाखवली होती. २०१६ मध्ये तेच मोठ्या चाचणीत करून बघितलं, तर व्यायामात ट्रॅक्शनची भर घालून काही फायदा झाला नाही. ‘डिकम्प्रेशन’ नावाची महागडी यंत्रंही ओढतात तीच कंबर. पडदा रंगीत असतो आणि ओढ कमी-जास्त कॉम्प्युटर करतो, एवढंच. साध्या टेबलापेक्षा ती सरस असल्याचं भरवशाचं काही हाती नाही.

‘नासा’बद्दल सांगायचं तर अंतराळात वजन नसल्यामुळे मणक्यांच्या गाद्या फुगतात, अंतराळवीरांची उंची पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, हे खरं. पण त्यांच्या कंबरा तिथे दुखतात, आणि परत आल्यावर गादी फाटण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या चौपट आढळलं आहे. पत्रक छापणाऱ्याने एवढं वाचलेलं दिसत नाही.

मग गावोगावी लोक ‘मला मशीनने बरं वाटलं’ असं शपथेवर का सांगतात? ते खोटं बोलत नाहीत. नस दबून पाय दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आपोआप पुष्कळ आराम पडतो. वीस बैठका, आठवड्याला तीन-चार, म्हणजे पाच-सहा आठवडे. पॅकेजची मुदत आणि शरीराची स्वतःची मुदत बरोबर जुळते. भाऊ तर आधीच पाच आठवडे पुढे आहेत! त्यांनी उद्यापासून पॅकेज सुरू केलं तर ते बरे होणारच, आणि श्रेय मशीन घेऊन जाणार. मग पुढे गल्लीतल्या दहा जणांना भाऊच त्या केंद्राचा पत्ता देतील.

मी स्वतः ट्रॅक्शन कधीच देत नाही असं नाही. कोणाचा पाय इतका ठणकतो की उभं राहवत नाही, कुशी बदलवत नाही. अशाला टेबलावर ओढ दिल्यावर तास-दोन तास मोकळं वाटत असेल तर दोन-चार बैठका द्यायला माझी हरकत नसते. पण ते दोन तास झोपून नाही घालवायचे, त्यात चालायचं. हेच ट्रॅक्शनचं खरं काम, थोडा वेळ मिळवून देणं. चौथ्या बैठकीपर्यंत पायातलं दुखणं वर सरकलं नाही तर बंद. दर बैठकीला दर बैठकीचे पैसे. आगाऊ पैसे घेणाऱ्याला तुमचा पाय चार दिवसांत बरा झालेला परवडत नाही. आणि ओढ चालू असताना पायातली कळ खाली उतरू लागली, तर तिथल्या तिथे थांबवायला सांगायचं.

भाऊंना मात्र आज त्याचीही गरज दिसत नाही. शिवाय एक साधा हिशेब करा. यावलहून भुसावळला रोज जायचं, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर किंवा रिक्षात दाटीवाटीने बसून, खड्ड्यांचे दणके खात, वीस मिनिटं कंबर ताणून घ्यायची आणि तसंच परत यायचं. अशा कंबरेला सगळ्यात जास्त त्रास बसण्याचा होतो, त्यातही हादऱ्यांचा.

सासूबाईंना निम्म्या दरात काय, फुकटातही त्या यंत्रावर झोपवू नका. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण उतारवयात बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि छाती-कंबरेचा करकचून बांधलेला पट्टा बरगडीला महागात पडू शकतो. गरोदर बाई, मणक्याला टीबी, गाठ किंवा फ्रॅक्चर असलेला माणूस, हर्निया किंवा हृदयाचा, दम्याचा मोठा त्रास असलेला माणूस, यांनाही ट्रॅक्शन चालत नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, झोपेतही न थांबणारं दुखणं असेल तर आधी तपासणी. सासूबाईंना एकदा डॉक्टरांना दाखवाच. त्यांच्या पायाळूचं म्हणाल, तर नुसता पाय टेकवणार असेल तर टेकवू द्या, त्यांच्या मनाला बरं वाटेल. लाथ मारणारा असेल तर अंगणातूनच परत पाठवा.

आता बाज. पत्रातली मला खटकलेली गोष्ट खरं तर हीच आहे, मशीन नव्हे. पाच आठवडे पडून राहणं फार झालं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सायटिकाच्या १८३ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडा-फिरा सांगितलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के सुधारलेले होते. म्हणजे झोपून काही कमावलं नाही. उलट पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि माणूस मनाने खचतो. शेतकरी माणूस, बाग डोळ्यांसमोर, काढणीला आलेले घड, आणि हा आढ्याकडे बघत पडलेला. कंबरेपेक्षा ते जास्त छळत असेल.

उद्यापासून भाऊंना उठवा. घरापासून बांधापर्यंत पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पायातली कळ खाली उतरत नाही तोवर दर दोन दिवसांनी थोडं वाढवायचं. चालून कंबर भरून आली तर चालेल, पोटरी ठणकू लागली तर मागे फिरायचं. दमल्यावर जमिनीवर सतरंजी टाकून पाठीवर झोपायचं आणि पोटऱ्या बाजेवर किंवा खुर्चीवर ठेवायच्या, मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात. दहा मिनिटं. मशीनवर झोपवतात ती पाय वर घेतलेली स्थिती हीच, आणि बऱ्याच जणांना आराम ओढीने नव्हे, या स्थितीनेच पडतो. सोसवत असेल तर दिवसातून दोन-तीनदा पालथं पडायचं, पुढे कोपरांवर छाती उचलायची. त्याने दुखणं पायातून वर येत असेल तर रोज करायचं, खाली जात असेल तर सोडून द्यायचं. सगळ्या व्यायामांना हीच एक कसोटी.

सकाळचं एक सांगायचं राहिलं. रात्रभर आडवं पडल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. (रोजचं फुकट ट्रॅक्शन म्हणा हवं तर.) पण फुगलेली गादी वाकल्यावर लवकर चिडते. म्हणून उठल्यापासून तासभर खाली वाकणं नको. चप्पल उभ्याने सरकवायची, तोंड धुताना एक हात भिंतीला. पहाटे ठिबकच्या नळ्या बघायला वाकणं तर अजिबात नको, ते काम दिरांकडे द्या. विटा टांगण्यापेक्षा तेवढी मदत झाली तरी पुष्कळ. ट्रॅक्टरच्या सीटवर निदान महिना-दीड महिना बसायचं नाही. पुढे बसतील तेव्हाही सलग तास-तास नाही. युरियाची गोणी ४५ किलोची असते, ती यापुढे दोघांनी उचलायची. केळीचा घडही वाकून, अंग पिळवटून उचलायचा नाही, पाय रोवून अंगाशी धरायचा. विडी ओढत असतील तर ती सोडायला हीच वेळ, धुराने गादीचं पोषण घटतं. अंगठ्याचा बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी कधी काही महिने लागतात, त्याने धीर सोडू नका. रक्तातली साखर मात्र एकदा तपासून घ्या, पायाच्या बधिरपणाचं ते दुसरं कारण असू शकतं.

ऑपरेशनबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण ‘ऑपरेशनशिवाय’ या शब्दावर तुमचं मन अडलेलं दिसतं. त्या भीतीवरच हा सगळा बाजार चालतो. ऑपरेशन केलं की माणूस कायमचा निकामी होतो, हे खरं नाही. सहा ते बारा आठवडे सायटिकाने हैराण असलेल्या २८३ रुग्णांची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर शांत झाला, पण वर्षाअखेरीला दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. ज्यांना थांबवलं होतं त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे थांबण्यात धोका नव्हता आणि करून घेण्यातही कमीपणा नव्हता. पावलाची ताकद जात असेल तर ते लगेच करावं. बारा आठवड्यांनीही पायाची कळ झोपू देत नसेल तर त्याचा विचार करावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. पॅकेजचे पैसे त्या प्रवासाला आणि तपासण्यांना ठेवा.

तळटीपेत तुम्ही विचारलंय की श्रावणात घरी कानबाई बसतात, तोवर हे बरे होतील का, नि त्यांना नाचू द्यायचं का. नागपंचमीनंतरच्या रविवारपर्यंत वेळ बराच आहे आणि सुधारणा अशीच राहिली तर विसर्जनाच्या मिरवणुकीत ते खुशाल चालतील. नाचणं यंदा नको, भाऊबंदांनी कितीही ओढलं तरी. रोटांचं दळणही गिरणीवर दुसऱ्या कोणीतरी न्यावं.